यंदाचं पहिलं गवत

बर्फ गेला आणि आमचे हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या काचेच्या दारात उभे राहू लागले. चहा संपला तरी उभेच. मी ओट्याशी उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत असे. बाहेर बघण्यासारखं खरं तर काही नव्हतं. ओहायोतला एप्रिल म्हणजे सकाळी ऊन, दुपारी पाऊस आणि संध्याकाळी आत ठेवलेला कोट पुन्हा बाहेर काढायला लावणारा गारठा. शेजाऱ्यांच्या कुंपणाची पिवळी झुडपं फुलली होती, बस. आणि गवत. सगळा हिवाळा जुन्या पायपुसण्यासारखं मळकट पडून राहिलेलं आमचं लॉन चार-दोन उन्हांत उठून बसलं होतं. तेही एकसारखं नाही, जागोजागी पुंजके, मधेच डँडेलायनच्या रानफुलांची पिवळी डोकी.

"वाढलं," हे म्हणायचे.

"वाढू दे," मी म्हणायचे.

आमचं एवढंच बोलणं व्हायचं. पण यांच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं, निदान मला तसं वाटत होतं, आणि ते मला मुळीच नको होतं.

जानेवारीत यांची बायपास झाली होती. छातीत कळ वगैरे काही आली नाही. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून आत आले, कानटोपी काढली आणि म्हणाले, "आज जरा जास्तच दमलो बुवा." मी जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केलेली बाई. मी त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि गाडीची किल्ली घेतली. रस्ताभर हे मलाच सांगत होते, "अगं हळू, अगं सिग्नल लाल आहे." दुसऱ्या दिवशी त्यांची छाती उघडली.

घरी आल्यावर नियम होते. उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. खोकला आला तर छातीशी घट्ट धरायला हॉस्पिटलने एक लाल उशी दिली होती, चक्क बदामाच्या आकाराची. ती कवटाळून हे घरभर फिरत. मी डोळ्यांत तेल घालून पहारा करत होते. दुधाचा मोठा कॅन मी फ्रिजमधून त्यांना काढू दिला नाही, कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेऊ दिला नाही, एकदा तर लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत होते तीही हातातून हिसकावली. मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की हाड छान जुळलंय, आता हळूहळू सगळं करायला हरकत नाही. त्यातलं 'हळूहळू' मी ऐकलं आणि 'सगळं' ऐकलं नाही.

आमच्या घरात कामांची वाटणी कधी बसून ठरली नव्हती, पण होती ती पक्की. काचेच्या दाराच्या आत माझं राज्य, बाहेर यांचं. आम्ही ओहायोतल्या या डब्लिनला आलो तेव्हा इथे घराघरांच्या मधे मक्याची शेतं होती. तेव्हापासून आमचं गवत यांनीच कापलं. यांनी कधी कुकर लावला नाही आणि मी कधी गवत कापायच्या मोअरला हात लावला नाही. मोठ्या ट्रकमधून येऊन लॉन कापून देणारे लोक आता गल्लीत सगळ्यांकडे येतात, पण त्यांचं नाव काढलं की हे नाक मुरडत. "ते गवत कापत नाहीत," हे म्हणत, "गवतावरून जातात."

सिअ‍ॅटलहून मुलीचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडे तक्रार केली.

"मॉम, जस्ट हायर समवन," ती म्हणाली. "इट्स नॉट अ बिग डील."

"हे तू तुझ्या बाबांना सांग."

"नो वे," म्हणाली, आणि विषय बदलला.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे माणसांची रीघ होती. आपल्या लोकांना कुणी आजारी पडलं की भेटायला गेल्याशिवाय चैन पडत नाही, आणि हात हलवत तर जाताच येत नाही. बायपास झालेल्या माणसासाठी एकीने साजूक तुपातला शिरा आणला, दुसरीने तळलेल्या पुऱ्या. प्रत्येकाने जाताना बजावलं, "काका, आता आराम. काही करायचं नाही हं." हे मान डोलवायचे. मला ती माणसं देवासारखी वाटायची, कारण तेच मी सांगितलं तर यांच्या कपाळाला आठी पडायची.

इथल्या मराठी मंडळींची एक रीत आहे, ती सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या मित्रांपैकी एक जण ऑफिसातच अचानक वारले. ऐन मे महिना होता, गवत जोरात. मुलगा लांब नोकरीला, घरी बायको एकटी. तेव्हा आम्ही बायकांनी डबे वाटून घेतले आणि पुरुषांनी गवत. कुठल्या शनिवारी कुणी जायचं हे यांनीच लावून दिलं होतं, पण निम्म्याहून जास्त शनिवार हेच गेले. त्यानंतर ते चालूच राहिलं. आमच्याकडे घरातला कर्ता माणूस गेला की दिवसकार्य व्हायच्या आत त्या घरचं लॉन कापलेलं असतं. कुणाला सांगावं लागत नाही. गुरुजी मिळायला दोन शहरं पालथी घालावी लागतात, मोअर मात्र लगेच येतो.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी जे केलं ते केलं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही जेवत होतो. यांनी मधेच विचारलं, "शनिवारी सकाळी तू मोकळी आहेस का?"

"का?"

"मोअर बाहेर काढू म्हणतो. पाऊस नाहीये."

माझा घास तोंडातच राहिला. "मी मोकळी नाही," मी म्हटलं. "आणि तुम्हीही नाही. शनिवारी दुकानात जायचंय. आंबे आलेत."

"आंब्यांना दहा मिनिटं लागतात."

"तुम्हाला लागत असतील."

यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते, पण ताक वाढून घेतलं. मला वाटलं, जिंकले.

जेवण झाल्यावर मी मराठी मंडळातल्या एका मुलाला व्हॉट्सअ‍ॅप केला. मुलगा म्हणजे आता दोन पोरांचा बाप आहे, पण माझ्या लेखी मुलगाच. 'शनिवारी सकाळी आम्ही बाहेर जातोय, तेवढ्यात जमलं तर आमचं लॉन मो करून टाकशील का? काकांना सांगू नकोस.' भांडी डिशवॉशरला लावून होईपर्यंत उत्तर आलं. 'काकू, नो टेन्शन! हो जाएगा!' त्यापुढे हात जोडलेले, अंगठा आणि एक फूल. मी निर्धास्त झाले. या पिढीला कुठलंही काम एकट्याने करता येत नाही, आधी ग्रुप काढावा लागतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

शनिवारी मी दुकानात जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला. आंब्यांची खोकी उघडून प्रत्येक फळ हुंगलं. पोह्यांच्या पाकिटांवरच्या तारखा वाचल्या, जाड आणि पातळ दोन्ही. कोथिंबिरीच्या जुड्या निवडल्या, परत ठेवल्या, परत निवडल्या. हे ट्रॉलीच्या दांडीवर बोटं वाजवत उभे होते आणि काचेतून आभाळाकडे बघत होते. मी पर्समध्ये हात घालून फोन बघत होते. झालं का, झालं का? काही निरोप नाही. तेवढ्यात एक ओळखीच्या बाई भेटल्या. मान तिरकी करून, आवाज अगदी खाली आणून त्यांनी यांना विचारलं, "आता कसं वाटतंय? जपा हं." या आवाजात लोक जिवंत माणसाशी का बोलतात, मला कळत नाही. मी उगाच मसाल्यांच्या रांगेत शिरले.

"चल आता," हे मागून येऊन म्हणाले. "पाय दुखायला लागले माझे."

जी बाई नवऱ्याला लोणच्याची बरणी उघडू देत नाही, ती दुखऱ्या पायांवर त्याला उभं कसं ठेवणार? मी पैसे दिले आणि गाडी काढली. वाटेत मुद्दाम लांबचा रस्ता घेतला, तोही यांनी ओळखला.

आमच्या गल्लीच्या वळणावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या दिसल्या. सगळ्या ओळखीच्या. फुटपाथवरून दोन-तीन बायका चालल्या होत्या, हातात चांदीच्या कागदाने झाकलेले ट्रे. हे सीटवर सरळ झाले.

"अगं, थांब, थांब," हे म्हणाले. "कुणाकडे काय झालं?"

माझा पाय ब्रेकवर गेला होता, पण गाडी आपली हळूहळू पुढे सरकतच होती.

"कोण गेलं?" यांनी विचारलं.

तेवढ्यात त्या बायका वळून आमच्या ड्राइव्हवेवर चढल्या, आणि मोअरचे आवाज आले. एक नाही, तीन. एक जण पुढच्या लॉनमध्ये होता, दोघे मागे, एक जण कडेचं गवत छाटायचं यंत्र घेऊन झाडाभोवती फिरत होता. आमच्या दारासमोर त्या दिवशी नेमकं ते चित्र होतं, जे हे स्वतः एकेका घरासमोर उभं करत आले होते. त्यात फक्त एका गोष्टीची कमी होती, आणि ती गोष्ट माझ्या शेजारी सीट बेल्ट लावून बसलेली होती.

"सरप्राइज, काका!" कुणीतरी ओरडलं.

यांनी बेल्ट काढला, जाकिटाची चेन वर ओढली आणि उतरले. प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारली. कुणाचा मोअर नवीन आहे, बॅटरीवर किती वेळ चालतो, सगळं विचारलं. तो मुलगा घाम पुसत म्हणाला, "काका, तुम्ही आता चिल मारायचं. पूर्ण समर आम्ही बघतो. रोटेशन लावलंय."

"वा," हे म्हणाले. "चांगलं केलंत."

तो आवाज मी ओळखते. ऑपरेशनसाठी आत नेत असताना यांनी त्याच आवाजात नर्सशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या.

मी चहाला आधण ठेवायला आत पळाले, तर माझ्या स्वयंपाकघरात तीन बायका. एक माझ्या फ्रिजमध्ये डब्यांसाठी जागा करत होती, एक माझी सकाळची भांडी घासत होती, आणि तिसरीने शेगडीपुढून मला हलकेच बाजूला केलं. "काकू, तुम्ही बसा. आम्ही बघतो सगळं." तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले. माझ्या खांद्यावर तिचा हात होता, नळ वाहत होता, बाहेर मोअर चालू होते, आणि मला एकदम कळलं की मी कुठली बाई होऊन या खुर्चीत बसलेय. मी ताडकन उठले. "चहा मीच करणार," असं इतक्या मोठ्याने म्हणाले की बिचारीने चमचाच खाली टाकला.

सगळे गेल्यावर आम्ही मागे गेलो. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा कापताना मोअरचं पातं उंच ठेवायचं असतं, गवताचा नुसता शेंडा घ्यायचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पोरांना घाई होती आणि प्रेमाचा जोर होता. त्यांनी अगदी मुळापर्यंत कापलं होतं. आदल्या पावसाने जमीन ओली होती, त्यात चाकं रुतून पट्टे उठले होते. मधे मधे नुसती माती. हे त्यावरून एकदा शेवटपर्यंत चालत गेले, एक मोडकी काटकी उचलून कुंपणापाशी टाकली, आत येऊन हात धुतले आणि जाऊन पडले. मला बोल लावला नाही. गवताबद्दलही अक्षर नाही.

आमच्याकडे भांडण झालं की बरं वाटतं. दोघंही तोंडाचे तिखट. पण यावेळी हे मूग गिळून बसले आणि माझा जीव नुसता टांगणीला लागला. मी मसाल्याच्या डब्या धुतल्या, त्या धुतलेल्याच होत्या. कपाटातल्या साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. जिना उतरले की वाटे वर काहीतरी राहिलं, वर गेले की आठवेना काय. मुलीला फोन लावला आणि ती बोलायच्या आत ठेवून दिला. सगळ्यात वाईट म्हणजे हे आता सकाळी काचेच्या दारात उभे राहत नव्हते. चहा घेऊन पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसत. ज्या दारातून ते हटावेत म्हणून मी एवढा खटाटोप केला, त्याच दारात ते दिसेनात म्हणून मला घर खायला उठलं.

मंगळवारी मी त्यांच्यासमोर जाऊन टीव्ही बंद केला.

"अहो, उभे राहा ना तिकडे!" मी म्हटलं. "बघा गवताकडे!"

"काय बघायचंय? कापलंय ते."

"मी त्याला एकट्याला सांगितलं होतं. मला काय माहीत तो वरात घेऊन येईल."

"कळलं मला ते."

"मग रागवा माझ्यावर. असे बसू नका."

यांनी हातातला रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "तुला वाटलं मला मोअर चालवायचा होता."

"मग काय करायचं होतं?"

"मी तुला विचारलं होतं, तू मोकळी आहेस का. मला तुला शिकवायचा होता. मी नुसता बाजूला उभा राहणार होतो."

मला आधी हसूच आलं. या वयात मी मोअर शिकू? पण यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"मी त्या उन्हाळ्यात जायचो ना गवत कापायला," हे म्हणाले, त्या ऑफिसात गेलेल्या मित्राच्या घराबद्दल. "वहिनी दर वेळी दारात उभ्या असायच्या. मोअर चालू असेपर्यंत उभ्या. त्यांना आत जाववत नसे, आणि बाहेर येऊन काय करायचं ते समजत नसे. मी थांबलो की सरबत आणायच्या. एकदा म्हणाल्या, भाऊजी, ते सुरू कसं करायचं तेवढं मला दाखवा. मी म्हटलं, वहिनी, आम्ही आहोत ना."

"मग?"

"मग काय. हिवाळ्याआधी त्यांनी घर विकलं."

ते घर विकल्याचं मला माहीत होतं. सामान बांधायला मीच गेले होते. आम्ही सगळ्यांनी तेव्हा म्हटलं होतं, बरं झालं, एकटीला झेपलं नसतं.

"तुझं तसं नको व्हायला," हे म्हणाले. "आपल्याच दारात उभं राहून दुसऱ्याची वाट बघणं."

आता मला राग आला, असा की कानशिलं तापली. "म्हणजे तुम्ही जाणार, आणि मी आत्तापासून शिकून ठेवायचं, असंच ना?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"दुसरं काय म्हटलंत? मला नाही शिकायचं. मोअर नाही, घर गरम करायच्या भट्टीचा फिल्टर नाही, तुमचं ते टॅक्सचं काही नाही. मी शिकले की तुम्ही निश्चिंत व्हाल. मला तुम्ही निश्चिंत झालेले नको आहात. काळजी करत बसा माझी, समजलं? काळजी असलेला माणूस धरून राहतो."

जन्मभर रक्ताचे रिपोर्ट वाचलेली बाई मी. काळजीने माणसाचं काय होतं ते आकड्यांत सांगू शकले असते. तरी मी हे बोलले, आणि बोलताना रडत होते. यांनी मला जवळ बसवून घेतलं. "मला भीती वाटते हो," मी म्हटलं. "मलाही," हे म्हणाले. "रोज सकाळी. त्या दारात काय मी गवत बघत होतो?"

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला फोन केला आणि रोटेशन बंद करायला सांगितलं. तो हिरमुसला. "काकू, आमचं काही चुकलं का?"

"नाही रे बाबा. तुम्ही सगळं बरोबर केलंत. फक्त काका अजून आहेत."

त्याला ते कळायला वेळ लागला. मग, "ओ शिट. सॉरी यार. म्हणजे सॉरी, काकू."

मुळापर्यंत कापलेलं गवत सावरायला मे उजाडला. मातीच्या पट्ट्यांवर हिरवी लव आली, बाकीचं घोट्यापर्यंत वाढलं, आणि डँडेलायन तर आमच्याकडूनच सगळ्या गल्लीला पुरवठा होतोय असे माजले. शेजारी कुंपणावरून बघून हसून हात करत आणि त्या हसण्याचा अर्थ आम्हाला कळत होता. हे पुन्हा दारात उभे राहू लागले होते. एका सकाळी मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "या शनिवारी मोकळी आहे मी."

शनिवारी मी पांढरे स्नीकर्स घातले. यांनी बघितलं आणि गराजमधून स्वतःचे जुने बूट आणून पुढ्यात ठेवले. त्यात दोन जोड मोजे घालून मी उभी राहिले. मी यांच्यासाठी लॉनवर घडीची खुर्ची मांडली होती, तिच्यावर ते काही बसले नाहीत. इंजिनिअर माणूस. सुरुवात केली ती हवा आणि पेट्रोल आत कुठे मिसळतात इथपासून.

"मला स्वयंपाक शिकवताना आईने शेगडीचा शोध कुणी लावला ते नव्हतं सांगितलं," मी म्हटलं.

"बरं. मग हे ऑइल. रोज नाही, पण आठवणीने बघायचं. हे पातं, आता वर घेतलंय, बघ. ही दांडी हँडलबरोबर दाबून धरायची. सोडलीस की बंद. आणि ही दोरी ओढायची."

मी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. घरघर करून गप्प. यांचा हात आपोआप पुढे आला आणि मी असं बघितलं की तो मागे गेला. "कणीक तिंबताना लावतेस तो जोर लाव," हे म्हणाले. मी दात खाऊन ओढली आणि ते धूड एकदम जिवंत झालं. थरथर मनगटापासून खांद्यापर्यंत गेली. हे काहीतरी ओरडून सांगत होते, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी निघाले.

पहिली ओळ शेजाऱ्यांच्या दिशेने तिरकी गेली. हे बाजूने चालत होते, एक हात हँडलपाशी, पण न लावता. दुसरी ओळ बरी आली. तिसऱ्या ओळीला मला कळलं की चाकाकडे नाही, समोरच्या झाडाकडे बघत चालायचं. मग हे मागे राहिले, आणि थोड्या वेळाने वळून बघते तर खुर्चीवर बसलेले. कापलेल्या गवताचा ओला, कच्चा वास येत होता. डँडेलायनची डोकी माझ्यापुढे पटापट नाहीशी होत होती. सांगायला लाज वाटते, पण मला फार आवडलं. किती दिवसांनी माझं डोकं कुठे पळत नव्हतं. पुढे चालायचं, वळायचं, पुन्हा चालायचं. कुंपणापासून दारापर्यंत आणि दारापासून कुंपणापर्यंत मी सगळं मागचं लॉन कापलं. शेवटच्या ओळी तर अशा सरळ आल्या की मीच थांबून बघितलं.

मी दांडी सोडली. आवाज बंद झाला. हे खुर्चीवरून उठून आले, कपाळावर हात धरून एकेक ओळ बघत गेले, जमिनीवर गुडघा टेकून गवताची उंची बघितली. ते उठताना मी हात पुढे केला नाही, आणि ते व्यवस्थित उठले.

"अगं, जमलं की तुला," हे म्हणाले.

त्यांचा चेहरा असा सैल झाला होता, जसा जानेवारीपासून मी पाहिला नव्हता. खांदे खाली आले होते. किती बरं वाटलं होतं त्यांना! मला ते बघवेना. हे निश्चिंत झाले होते.

"कुठलं जमतंय," मी म्हटलं. "तुम्ही होतात म्हणून. सुरू कसं करायचं तेच विसरले मी."

यांनी त्या सरळ ओळींकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"विसरलीस?"

"सगळं."

हे खाली वाकून मोअरच्या चाकाला चिकटलेलं गवत बोटाने काढत बसले.

"मग पुढच्या शनिवारी पहिल्यापासून दाखवावं लागेल," हे म्हणाले.

"लागेल," मी म्हटलं. "त्याच्या पुढच्या शनिवारीही लागेल."